डाग कुठला, खूण कुठली

(मंडळाने भरवलेल्या घरोघरच्या जुन्या छायाचित्रांच्या प्रदर्शनानिमित्त गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचा मजकूर)



बाप्पापुढे उभं राहून बोलायची आमची ही पहिलीच वेळ. आजवर या मंडपात आलो ते गळ्यात कॅमेरा आणि खांद्याला फ्लॅशची पिशवी अडकवून. आरतीचे फोटो, बक्षीस समारंभाचे फोटो, मुलांच्या नाटुकल्यांचे फोटो. त्यामुळे मंडळाच्या एकाही फोटोत आम्ही नाही. आज माइक एकाच्या हातात असला तरी बोलणं दोघांचं आहे. फोटो काढणं आणि डार्करूममध्ये धुणं एकानं केलं. वाळलेल्या प्रिंटवर भिंग धरून कुंचल्यानं डाग भरणं दुसरीनं. दुकानाच्या पाटीवर मात्र एकाच्याच नावाची अक्षरं होती. निदान भाषणात तरी ती चूक नको, म्हणून आज आम्ही ‘आम्ही’ म्हणूनच बोलणार आहोत.

यंदा मंडळाने घरोघरचे जुने फोटो मागवले आणि आपण सगळ्यांनी ट्रंका, माळे, देवघरामागच्या भिंती धुंडाळून ते दिले. कार्यकर्त्यांनी गठ्ठा आमच्यासमोर ठेवला नि म्हणाले, “काका, काकू, जरा साफ करून द्या.” त्यांतल्या एकानं तर मोबाइल काढून दाखवला. त्याच्या पणजीचा फोटो होता. बोट फिरवलं आणि फोटोवरचे डाग गेले, चुरगळलेल्या कोपऱ्याची रेघ गेली, त्यांच्या जोडीनं पणजीच्या सुरकुत्याही गेल्या. पंचाहत्तरीची बाई पंचविशीची झाली. पोरगा गुणी आहे, हौसेनं करत होता. आम्हांला त्याचा राग आला नाही, धास्ती मात्र वाटली. कारण नेमकी हीच चूक आम्ही स्वतः करून बसलो आहोत. मोबाइलवर नव्हे, ब्लेडच्या पात्यानं. ती चूक सांगण्यासाठीच आज उभे आहोत. पण त्याआधी हे काम काय होतं, ते थोडं सांगावं लागेल. इथे बसलेल्या निम्म्या मंडळींनी लाल दिव्याची खोली पाहिलेलीच नाही.

फोटोवर डाग येतात दोन रंगांचे, पांढरे आणि काळे. दोघांचं मूळ वेगळं आणि औषधही वेगळं. निगेटिव्ह एन्लार्जरमध्ये घालून खालच्या कागदावर उजेड सोडायचा, म्हणजे प्रिंट तयार होते. निगेटिव्हवर धुळीचा कण बसला असेल तर तेवढ्या जागी उजेड अडतो, कागद कोरा राहतो आणि धुतल्यावर तिथे पांढरा ठिपका दिसतो. केस चिकटला असेल तर पांढरी रेघ दिसते. काळ्या डागाचं उलट आहे. फोटो काढताना कॅमेऱ्याच्या आत फिल्मवर धूळ होती, किंवा फिल्म धुताना तिच्यावर हवेचा बुडबुडा चिकटून राहिला, तर निगेटिव्हवर काचेसारखं स्वच्छ छिद्र राहतं. त्यातून उजेड थेट खाली येतो आणि प्रिंटवर काळा कुळकुळीत ठिपका उमटतो. त्याला आम्ही ‘पिनहोल’ म्हणायचो.

आता माळव्याची धूळ मी तुम्हांला काय सांगू? मे महिन्यात लू सुटली की बंद पेटीतल्या शालूवरही धूळ बसते. आमच्या डार्करूमला खिडकी नव्हती, तरी धूळ यायचीच. प्रिंट काढायच्या आधी फरशी ओल्या फडक्यानं पुसून घ्यायची, दारावर ओली चादर टांगायची, पंखा बंद करायचा आणि घामाघूम होऊन काम करायचं. निगेटिव्हवर रबरी फुग्यानं हवा मारायची, मऊ ब्रश फिरवायचा. निगेटिव्हच्या पाठीला बारीक ओरखडा असेल तर त्यावरही घरगुती उपाय होता. नाकाच्या कडेला बोट फिरवायचं आणि बोटाला लागलेलं तेल त्या ओरखड्यावर अगदी हलकं चोळायचं. ओरखडा तेलानं भरला की प्रिंटमध्ये दिसत नाही. हसू नका, हा उपाय जगभरच्या फोटोग्राफरांनी केला आहे. एवढं करूनही प्रिंट वाळून हातात आली की पाच-दहा पांढरे ठिपके असायचेच. तिथून पुढचं काम रिटचिंगच्या टेबलाचं.

हे टेबल आमच्या घरात आलं ते अण्णांबरोबर. अण्णा म्हणजे एकाचे वडील आणि दुसरीचे सासरे. स्टुडिओ त्यांचा. प्रिंटवरचे डाग भरायच्या माई. दुपारची झाकपाक झाली की उत्तरेच्या खिडकीशी बसायच्या. उत्तरेचाच उजेड का, तर तो दिवसभर एकसारखा राहतो आणि कागदावर चमक पाडत नाही. पुढ्यात पांढरी बशी, तिच्यात चिनी शाईची कांडी घासून केलेली शाई, एक भिंग, दोन कुंचले आणि रद्दी प्रिंटचा एक तुकडा. एवढं सगळं सामान. आमच्यापैकी जी पुढे हे काम करू लागली, ती माईंच्या शेजारी बसून दीड वर्ष नुसती रद्दी प्रिंटवरचे डाग भरत होती. गिऱ्हाइकाच्या प्रिंटला हात लावायची परवानगी नव्हती.

लोकांना वाटतं, बारीक डागाला बारीकात बारीक कुंचला लागतो. तसं नाही. कुंचल्याचं पोट बरं असावं आणि टोक सुईसारखं असावं. फार बारीक कुंचल्यात शाई राहत नाही, टोक लगेच सुकतं. शाई बशीत कालवायची, कुंचला जवळजवळ कोरडा होईपर्यंत कागदावर पुसायचा, रद्दी तुकड्यावर छटा ताडून बघायची आणि मगच प्रिंटवर टेकवायचा. टेकवायचा म्हणतो आहोत, फिरवायचा नाही. आपले मूर्तिकार सगळी मूर्ती रंगवून झाल्यावर शेवटी डोळे आखतात, तेव्हा श्वास रोखून एका दमात रेघ ओढतात. आमचा कुंचला त्याच जातीचा, पण आम्हांला रेघ ओढायची मनाई. ठिपका, ठिपका, ठिपका. फोटोचं चित्र दाण्यादाण्यांचं असतं, म्हणून डागही दाण्यादाण्यानंच भरायचा. केसाची लांब रेघ आली असेल तर ती रंगवून टाकायची नाही. आधी मध्ये मध्ये ठिपके देऊन तोडायची. रेघ तुटली की डोळा तिला रेघ म्हणून ओळखत नाही, मग उरलेल्या फटी सावकाश भरायच्या.

सुरुवात गडद भागापासून करायची. आधी केस, काळा कोट, साडीचा काठ. कुंचल्यातली शाई कमी होत जाते तसं फिकट भागाकडे यायचं, आणि चेहरा सगळ्यात शेवटी. आणि आजूबाजूच्या रंगाला पोचायच्या एक पायरी आधी थांबायचं. फिकं राहिलं तर उद्या पुन्हा भरता येतं. गडद झालं तर पांढऱ्या डागाचा काळा डाग होतो. चकचकीत कागदावर शाईची जागा मंद दिसते, म्हणून तिच्यात डिंकाचं पाणी घालायचं, तेवढी चमक जुळते. माई पाण्याऐवजी कुंचला सरळ जिभेला लावायच्या. संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना जीभ काळी असायची. अण्णा म्हणायचे, “आज बरीच गिऱ्हाइकं झालेली दिसतात.”

हा झाला पांढरा डाग. काळ्याचं दुखणं अवघड. पांढऱ्यावर शाई चढवता येते, काळ्यावरची उतरवायची कशी? एक मार्ग होता ब्लेडचा. कागदावरच्या जिलेटिनचा थर नव्या पात्याच्या टोकानं, अगदी पापुद्र्यासारखा, खरवडत जायचं. दाब थोडा जास्त झाला की कागद उघडा पडतो. दुसरा मार्ग औषधाचा. पोटॅशियम फेरीसायनाइड आणि हायपो यांचं मिश्रण, जे हॉवर्ड फार्मर यांनी १८८३ साली दिलं. आजही ते त्यांच्याच नावानं ओळखलं जातं. त्याचा सूक्ष्म थेंब काळ्या ठिपक्यावर ठेवला की तो विरत जातो, मग प्रिंट पुन्हा धुवायची आणि उमटलेला पांढरा डाग शाईनं भरायचा. तिसरा, शहाणा मार्ग म्हणजे निगेटिव्हवरचं छिद्रच अपारदर्शक रंगानं बुजवायचं. म्हणजे प्रिंटवर काळ्याऐवजी पांढरा डाग येतो आणि तो भरायला सोपा. काळ्याचा आधी पांढरा करायचा आणि मग पांढऱ्याचा करडा, असा हा द्राविडी प्राणायाम.

तुम्ही विचाराल, एवढा खटाटोप प्रिंटवर का? निगेटिव्हवरच एकदा दुरुस्ती केली तर प्रत्येक प्रिंट आपोआप स्वच्छ येईल. बरोबर आहे, आणि पूर्वी तसंच करत. आपल्या इंदूरचंच उदाहरण घ्या. लाला दीनदयाळ, म्हणजे पुढे निजामांनी ‘राजा’ किताब दिलेले राजा दीनदयाळ, रुडकीच्या कॉलेजात शिकून इंदूरला बांधकाम खात्यात नोकरीला लागले. इथेच १८७४ च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हातात घेतला आणि पहिला स्टुडिओही इथेच काढला. सिकंदराबाद नंतरचं. त्यांच्या अडीच हजारांहून अधिक काचेच्या निगेटिव्ह आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात जपलेल्या आहेत. त्या काळची काच तळहाताहून मोठी, त्यामुळे चेहराही मोठा. त्यावर अणकुचीदार पेन्सिलीनं काम करता येई. पुढे रोलची फिल्म आली, निगेटिव्ह लहान झाली. बारा फोटोंच्या रोलवर लग्नाच्या ग्रुपमधला चेहरा तांदळाच्या दाण्याएवढा. त्यावर पेन्सिल कुठे टेकवणार? म्हणून काम निगेटिव्हवरून प्रिंटवर उतरलं आणि दर प्रिंटला नव्यानं करावं लागलं. आमच्या उमेदीचा काळ तोच. कागद कधी आगफाचा, कधी उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा. १९६० साली स्थापन झालेल्या त्या सरकारी कारखान्याच्या मालाचं नाव ‘इंदू’ होतं. इंदुरात इंदू विकायला आम्हांला फार आवडायचं.

अण्णांचा एक किस्सा सांगतो. अनंत चतुर्दशीच्या रात्री मिलांच्या झाँकी निघतात. त्यांचे फोटो आम्ही रात्रभर काढायचो. एका वर्षी अशाच एका प्रिंटवर काळ्या आभाळात धुळीचे भरपूर ठिपके आले. गिऱ्हाईक खूश. “वा! चांदण्याही आल्या की!” अण्णांनी प्रिंट त्याच्या हातातून परत घेतली. म्हणाले, “त्या रात्री ढग होते. आपण सगळे भिजलो. चांदण्या कुठून येतील?” आणि माईंना बसवून एकेक चांदणी भरून घेतली. गिऱ्हाईक जास्तीचं काहीच देणार नव्हतं. तेव्हा आम्हांला तो अण्णांचा हेका वाटला होता.

आता आमची चूक.

आमच्या लग्नाला तीनेक वर्षं झाली असतील. माईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि टेबल सुनेकडे आलं होतं. एक गृहस्थ आले. आई गेली होती, तेरावा तीन दिवसांवर आला होता आणि घरात आईचा एकटीचा फोटोच नव्हता. त्या काळी ही गोष्ट घरोघरची. बायका ग्रुपमध्ये दिसायच्या, तेही पदर ओढून मागच्या रांगेत. त्यांनी कुठल्याशा लग्नातल्या ग्रुपची निगेटिव्ह आणली होती, त्यातून आईचा चेहरा मोठा करून हवा होता. निगेटिव्हचे हाल होते. वर्षानुवर्षं डब्यात घासली गेलेली, बुरशी धरलेली, पिनहोलांनी भरलेली. एकानं ती दोनदा धुऊन, वाळवून, शक्य तेवढी बरी प्रिंट काढली. दुसरी रात्री जेवणं झाल्यावर दिव्याखाली बसली. पांढरे ठिपके भरले. मग काळ्यांकडे वळलो. एक गालापाशी, दोन पदरावर, एक कपाळाच्या वर, एक बरोबर हनुवटीवर. नवं पातं काढलं आणि पाचही खरवडून, भरून, साफ केले. काम इतकं बेमालूम झालं होतं की आम्ही दोघांनी ती प्रिंट हात लांब करून, तिरकी धरून, पुन्हा पुन्हा पाहिली आणि एकमेकांना शाबासकी दिली.

दुसऱ्या दिवशी गृहस्थ आले, बरोबर त्यांची म्हातारी मावशी. प्रिंट पाहून ते काही बोलले नाहीत. मावशींनी फोटो डोळ्यांजवळ नेला, हनुवटीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, “ही आमची अक्का नव्हे.”

हनुवटीवर गोंदण होतं. लहानपणी जत्रेत दोघी बहिणींनी एकाच दिवशी गोंदून घेतलेलं. मावशींनी पदर जरा बाजूला केला. त्यांच्या हनुवटीवर तोच हिरवा ठिपका होता.

आम्ही मान वर करू शकलो नाही. ते गृहस्थ भले, म्हणाले, “असू द्या, तुम्हांला काय ठाऊक.” पण ठाऊक करून घेणं आमचं काम होतं. विचारायला हवं होतं, आणि नसतं विचारलं तरी डोळ्यांना दिसायला हवं होतं. त्या रात्री अण्णांनी ती निगेटिव्ह दिव्यावर धरली, भिंग आमच्या हातात दिलं आणि दाखवलं. पिनहोल म्हणजे फिल्ममधलं भोक. त्याची कड धारदार असते आणि आतून उजेड सरळ येतो, म्हणून प्रिंटवर तो ठिपका काळाकुट्ट. गोंदण चेहऱ्यावर असतं. चेहरा जितका धूसर, तितकीच त्याची कड धूसर. ते काळं नसतं, करडं असतं. “डागाची कड चेहऱ्यापेक्षा तीक्ष्ण असली तर तो फिल्मचा,” अण्णा म्हणाले, “आणि चेहऱ्याइतकीच मऊ असली तर तो माणसाचा. फिल्मचा असेल तो आपला, काढ. माणसाचा असेल तो त्याचा, हात लावू नकोस.” रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

निगेटिव्ह शाबूत होती, म्हणून निभावलं. आम्ही रात्रीतून दुसरी प्रिंट काढली आणि तेराव्याच्या सकाळी घरी नेऊन दिली. मावशींनी फोटो पाटावर ठेवायच्या आधी पदरानं पुसला आणि त्या ठिपक्यावरून अंगठा फिरवला. आम्ही पैसे घेतले नाहीत, हे सांगण्यात काही मोठेपणा नाही.

त्यानंतर आमच्या टेबलाशी एक वही आली. फोटो मोठा करायला आलेल्या प्रत्येकाला विचारायचं, “यांना पाहिलेलं घरात कोण आहे? तीळ होता का? गोंदण? व्रण? दात पुढे होता का?” लोक चकित व्हायचे. काही जण सांगता सांगता रडायचे. वहीत सगळं लिहून मग कुंचला धरायचा.

पण मंडळी, सगळेच प्रश्न वहीनं सुटत नाहीत. अजून एक गोष्ट सांगतो आणि आवरतं घेतो.

बऱ्याच वर्षांनी, अण्णा-माई दोघंही गेल्यानंतर, बाहेरगावाहून एक बाई आल्या. हातात आमच्याच स्टुडिओचा शिक्का असलेला जुना कॅबिनेट फोटो. नऊवारीतली सतरा-अठरा वर्षांची मुलगी, हात टेबलावर, शेजारी फुलदाणी. लग्न ठरवण्यासाठी मुलाकडे पाठवायला काढलेला. त्या म्हणाल्या, “ही माझी आई. मी चार वर्षांची असताना गेली. आत्या सांगते, आईच्या तोंडावर देवीचे वण होते. या फोटोत तर एकही नाही. घरात दुसरा फोटो नाही. माझी आई दिसायची कशी, हे मला ठाऊक नाही.”

देवीचे वण काय, हे तरुणांना सांगायला हवं. १९७५ नंतर आपल्या देशात देवीचा रोगी सापडलेला नाही, त्यामुळे आज चाळिशीतल्याही कुणाच्या चेहऱ्यावर ते तुम्ही पाहिले नसतील. त्याआधी प्रत्येक वाड्यात असे चेहरे होते. आणि मुलीच्या चेहऱ्यावर वण असले की आईबाप अण्णांपुढे हात जोडायचे.

आम्ही माळ्यावरच्या पेट्या उतरवल्या. अण्णांनी शिक्क्याखाली नंबर घालायची शिस्त ठेवली होती, म्हणून दोन दिवसांत निगेटिव्ह सापडली. मोठ्या आकाराची, जुनी शीट फिल्म. उजेडात तिरकी धरली, तर चेहऱ्याच्या जागी पेन्सिलीचं जाळं. टर्पेंटाइनमध्ये राळ विरघळवून केलेला लेप निगेटिव्हवर लावला की तिला किंचित खरखरीतपणा येतो आणि पेन्सिल धरते. वणाच्या खळग्यात सावली असते. ती जागा निगेटिव्हवर विरळ असते. तिथे शिसं भरलं की प्रिंटमध्ये सावली नाहीशी होते आणि गाल गुळगुळीत दिसतो. अण्णांनी एकेक वण असा भरला होता. किती तास बसले असतील, कोण जाणे.

कापसाचा बोळा टर्पेंटाइनमध्ये भिजवला, पिळला आणि हलक्या हातानं फिरवला. कापूस करडा झाला. तीन-चार बोळे लागले. मग निगेटिव्ह एन्लार्जरमध्ये घातली आणि त्या बाईंना डार्करूममध्येच बोलावलं. लाल उजेडात, डेव्हलपरच्या ट्रेमध्ये, कोऱ्या कागदावर आधी केस आले, मग डोळे आणि मग वणांसकट चेहरा. त्या ट्रेवर वाकल्या होत्या. बराच वेळानं एवढंच म्हणाल्या, “माझी धाकटी अशीच दिसते.”

अण्णांनी त्या काळी केलं ते योग्य होतं का, यावर आमचं दोघांचं आजही एकमत नाही. एक म्हणतो, मुलाकडच्यांना फसवण्यात त्यांनी हातभार लावला. दुसरी म्हणते, त्या मुलीला घरातल्या घरात रोज ऐकून घ्यावं लागत असेल, निदान एका फोटोत तिला सुटका मिळाली. हा वाद आम्ही जेवताना पुष्कळदा घातला आहे. पण एका गोष्टीवर दोघांचं एकमत आहे. अण्णांकडे ब्लेड होतं, फेरीसायनाइड होतं. एकदा खरवडलं की परत दुरुस्तीचं नाव नको, असं काम ते सहज करू शकले असते. त्यांनी पेन्सिल वापरली. जे केलं ते पुसता येईल असं केलं आणि निगेटिव्ह नंबर घालून जपून ठेवली. चाळीस वर्षांनी कुणी विचारायला आलं, तर उत्तर पेटीत होतं.

म्हणून मंडळी, प्रदर्शनात मांडलेल्या फोटोंबद्दल एक खुलासा. आम्ही धुळीचे ठिपके भरले, केसांच्या रेघा तोडल्या, बुरशीचे डाग जमले तेवढे झाकले. तेही मूळ फोटोंवर नव्हे, त्यांच्यावरून काढलेल्या प्रतींवर. पण तीळ, गोंदण, वण, सुरकुत्या, फुटलेला चष्मा आणि पोलक्याच्या खांद्यावरचं ठिगळ तसंच ठेवलं आहे. एका घरच्यांना ते ठिगळ नको होतं. आम्ही हात जोडून नाही म्हणालो. त्या काळात ज्या बाईनं इंदुरात येऊन संसार उभा केला, तिचं ते ठिगळ आहे.

आता घरी गेल्यावर करायच्या चार गोष्टी. पहिली, जुना फोटो ओल्या फडक्यानं पुसू नका. त्यावर कुणा माईनं भरलेली शाई असेल तर ती निघून येईल. दुसरी, फोटोंच्या मागे मऊ पेन्सिलीनं नावं लिहा, बॉलपेननं नको. आणि ‘आजी’ एवढंच लिहू नका, पूर्ण नाव लिहा. तुमची आजी तुमच्या नातवाची आजी नव्हे. तिसरी, निगेटिव्ह टाकू नका. फोटो आहे मग हिचं काय काम, असं म्हणून कितीतरी घरांनी त्या रद्दीत दिल्या. कागदी पाकिटात घालून कोरड्या कपाटात ठेवा. आणि चौथी, आमच्या त्या गुणी कार्यकर्त्यासाठी. बाळा, मोबाइलवर साफ कर, खुशाल कर, पण आधी आहे तशी एक प्रत बाजूला ठेव. आणि पणजीच्या गालावर बोट फिरवायच्या आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला एकदा विचार.

आमचं टेबल अजून उत्तरेच्या खिडकीशी आहे. भिंग आहे, बशी आहे, शाईची अर्धी कांडी आहे. हात थोडा थरथरतो, पण सकाळी चहा झाल्यावर तासभर जमतं. ज्याला शिकायचं असेल त्यानं यावं. दीड वर्ष रद्दी प्रिंटवर काम करावं लागेल, तेवढं आधीच सांगून ठेवतो.

 गणपती बाप्पा मोरया!